क्रॉप की बिनिंग? रास्पबेरी पाय कॅमेऱ्याचा मोड निवडताना

फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला मिळणाऱ्या चित्रांची संख्या, वाढवायचा असेल तर रिझोल्यूशन कमी करावे लागते, हे बहुतेकांना ठाऊक असते. ते सेन्सरवरच कमी करायचे की चित्र बाहेर आल्यानंतर, हा विचार मात्र सहसा राहून जातो. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाच्या 2016 सालच्या कॅमेरा मॉड्यूल 2 मध्ये सोनीचा आयएमएक्स 219 हा 3280 × 2464 पिक्सेलचा सेन्सर आहे आणि पूर्ण चित्र तो सेकंदाला सुमारे 21 वेळा देतो. प्रोग्रॅममध्ये 640 × 480 चे चित्र मागितले, पण सेन्सर पूर्ण मोडमध्येच राहिला, तर चित्र लहान होते आणि वेग 21 वरच अडकतो, कारण आकार घटवण्याचे काम वाचन संपल्यावर होते.

हा सेन्सर एकेक ओळ क्रमाने वाचतो आणि एका ओळीला साधारण 19 मायक्रोसेकंद घेतो. त्यामुळे वेग मुख्यतः ओळींच्या संख्येवर ठरतो, रुंदीवर नाही. 1920 × 1080 चा मोड सेकंदाला 47 फ्रेम देतो, तर 1640 × 1232 चा मोड, रुंदीने कमी असूनही, 41 वरच थांबतो. याचे कारण त्या जादा 152 ओळी.

वेगात हे दोन मोड जवळपास सारखे असले तरी चित्रात त्यांचा फरक मोठा आहे. पहिला क्रॉपचा आहे: सेन्सरचा मधला तुकडा तेवढा वाचला जातो, पिक्सेल मूळचेच राहतात, पण 62 अंशांचा आडवा दृश्यकोन सुमारे 39 अंशांवर येतो. फाटकापाशी थांबलेल्या गाडीची नंबरप्लेट वाचायची असेल तर हाच घ्यावा. दुसरा बिनिंगचा आहे: एकाच रंगाचे शेजारचे चार पिक्सेल एकत्र केले जातात, त्यामुळे संपूर्ण दृश्य टिकते आणि अंधुक उजेडातली कणकण कमी होते, मात्र बारीक तपशील जातो आणि तिरप्या कडा किंचित दातेरी दिसतात. खोलीवर किंवा पक्ष्यांच्या घरट्यावर नजर ठेवायला मी निःसंकोच बिनिंग सुचवेन.

ओळी क्रमाने वाचल्या जात असल्यामुळे वेगवान वस्तू वाकडीही दिसते. मिनिटाला 300 फेरे घेणारा छताचा पंखा चौकट भरून टिपला, तर पूर्ण मोडमध्ये वरची ओळ वाचल्यापासून खालची वाचेपर्यंतच्या 47 मिलिसेकंदांत त्याचे पाते सुमारे 84 अंश फिरलेले असते आणि चित्रात ते कोयत्यासारखे वळलेले उमटते. बिनिंगमध्ये हा कोन निम्म्यावर येतो.

640 × 480 च्या मोडमध्ये क्रॉप आणि बिनिंग दोन्ही आहेत, शिवाय विशेष प्रकारच्या बिनिंगमुळे ओळीमागचा वेळही निम्मा होतो, म्हणून सेकंदाला 206 फ्रेम मिळतात. आकडा मोहात पाडणारा आहे, पण प्रत्येक फ्रेमला उजेड टिपायला पाच मिलिसेकंदही मिळत नाहीत. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची असल्याने अनेक ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला 100 वेळा मंद-प्रखर होतात आणि एक्स्पोजर, म्हणजे उजेड टिपण्याचा वेळ, 10 मिलिसेकंदांच्या पटीत नसेल, तर चित्रावर आडवे पट्टे येतात. म्हणून हा मोड दिवसाच्या उजेडापुरताच ठेवावा. रात्री दिव्याखाली 1640 × 1232 वर एक्स्पोजर 20 मिलिसेकंदांचे बांधून टाकावे, 41 फ्रेमच्या वेगात ते सहज बसते.