ओस पडलेल्या उद्यानात काय करायचं: मियावाकी की वॉकिंग ट्रॅक?

पालिकेचं एखादं उद्यान ओस पडलं की आपल्याकडे दोनच आयडिया निघतात. मियावाकी म्हणजे छोट्या जागेत दाट जंगल लावायची जपानी पद्धत, एका चौरस मीटरला ३-४ देशी रोपं, पहिली २-३ वर्षं पाणी द्यायचं, तण काढायचं, मग ते आपलं आपण वाढतं, पक्षी येतात, धूळ अडते, सगळं खरं, पण आत पाय ठेवता येत नाही ना! कुंपणाबाहेरून बघा फक्त. आणि १० बाय १० च्या खोलीत राहणाऱ्याला बसायला जागा हवीय हो.

दुसरं बघायचं तर माटुंग्याला फ्लायओव्हरखालचं नानालाल मेहता उद्यान, २०१६ चं, नर्मदेच्या वळणांसारखा ट्रॅक केलाय, वरून गाड्या धडधडतायत नि खाली आजोबा लोक फेऱ्या मारतायत. खर्च मात्र रोजचा, वॉचमन, लाईट, झाडलोट, झोपाळ्याची साखळी तुटली की लगेच बदलायला हवी नाहीतर पोरं नुसत्या दांड्याला लोंबकळतात.

माझं मत ट्रॅकलाच. रस्त्याच्या बाजूला मियावाकीची एक पट्टी लावा हवं तर, आवाज तरी कमी होईल. आणि दुपारी गेटला कुलूप कशाला? डबा खायला सावली शोधणारे बिचारे तेव्हाच तर फूटपाथवर बसलेले असतात.