सायरस सिलिंडरची प्रतिकृती शाळेसाठी घेतली, ४ स्टार

आमच्या खानापूरकडं मडकी, कौलं, कुंभारांची भट्टी बघतच पोरं मोठी होतात, त्यामुळे ही वस्तू हातात घेतली की पहिला प्रश्न हाच येणार, भाजलेली माती हाय का? नाही. प्लास्टर हाय, वर मातकट रंग दिलाय. खरा सिलिंडर म्हणजे इराणच्या सायरस राजाचा मजकूर कोरलेला पिंपाच्या आकाराचा ठोकळा, तो मातीचाच, १८७९ ला आजच्या इराकमधल्या बाबिलोन शहराच्या अवशेषांत सापडला, ब्रिटिश म्युझियममध्ये असतो, २०१३ च्या शेवटी मुंबईच्या वस्तुसंग्रहालयातपण आणला होता. वेबसाइटवर टेराकोटा लिहून प्लास्टर पाठवणं बरोबर नाही, एक स्टार तिथंच कापला.

पण काम लई बारीक केलंय. साईज खऱ्याएवढी, साडेबावीस सेंटीमीटरच्या आसपास. खिळ्यासारखी अक्षरं बोटाला लागतात, ओळी एकमेकींत घुसलेल्या नाहीत, आणि मूळचा तुकडा जिथं गेलाय तिथं तसाच खड्डा ठेवलाय, भरून गुळगुळीत केला नाही, हे मला सगळ्यात आवडलं. अख्ख्या वर्गात हातोहात फिरली, टवका उडाला नाही. पॅकिंग चांगलं.

सोबतच्या माहितीपत्रकावर मात्र विसंबू नका. 'जगातला पहिला मानवी हक्कांचा जाहीरनामा' असं मोठ्या अक्षरात छापलंय. तसं त्यात काही नाही, इ.स.पू. ५३९ ला बाबिलोन घेतल्यावर सायरसनं लिहवून घेतलेला मजकूर हाय, बाबिलोनचा मुख्य देव मर्दुक, त्यानं मला निवडलं, आधीचा राजा नबोनिदस वाईट, माझं सैन्य शांतपणे शहरात शिरलं, जिंकलेला राजा असंच लिहवून घेणार की. शहर बिनलढाईचं पडलं ते खरं, पण त्याच्या थोडेच दिवस आधी तिग्रीस नदीकाठच्या ओपिस गावाला लढाई होऊन माणसं मेली, ते बाबिलोनच्याच बखरीत हाय आणि पत्रकात त्याचा एक शब्द नाही. यहुद्यांना जेरुसलेमला परत जायची मुभा दिली ती हकीकत बायबलमधली, सिलिंडरवर यहुद्यांचं नाव नाही, यांनी दोन्ही एकत्र कालवलंय.

एवढं सांगूनही सायरसचं मोठेपण कमी होत नाही हो. त्याच बखरीत हाय की सैन्यानं मर्दुकाच्या एसागिला देवळाच्या दारांना वेढा दिला होता तरी आतले पूजाविधी बंद पडले नाहीत, आणि दोन-अडीच आठवड्यांनी सायरस स्वतः आला तेव्हा त्याच्यापुढं हिरव्या डहाळ्या अंथरल्या. नबोनिदसनं गावोगावच्या मूर्ती राजधानीत आणून ठेवलेल्या, त्या यानं परत पाठवल्या. आपली गावदेवी कुणी उचलून नेली आणि नव्या राजानं परत आणून बसवली तर गावाला काय वाटेल, एवढंच पोरांना विचारलं, पुढचं त्यांनीच सांगितलं. हरलेल्या शहराच्या देवाला हात न लावणं ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती, माझ्या मते हे आठवीच्या पोराला कळायलाच पाहिजे.

पत्रक इंग्लिश-हिंदीतच हाय. मी एक पान मराठीत लिहून वर्गात लावलंय, शेजारच्या कन्नड शाळेतले सर त्याचं कन्नड करतायत, प्रतिकृती पुढच्या आठवड्यात त्यांच्याकडं जाणार.