सकाळी सात वाजता, त्यांच्या घरी: घरभेटींच्या युजर रिसर्चचा वापरानंतरचा अनुभव

युजर रिसर्चसाठी, म्हणजे लोक एखादी वस्तू प्रत्यक्षात कशी वापरतात ते समजून घ्यायला, लोकांना ऑफिसात बोलवायचं नाही, आपण त्यांच्या घरी जायचं, ही पद्धत आमची टीम गेले काही महिने नेटाने वापरते आहे. नवी मुंबईत महापेला आम्ही घरगुती बीपी मशीनच्या डिझाइनचं काम करतो. ज्यांच्याकडे कुठलंही मशीन आधीपासून आहे अशांकडे जातो: ठाण्यात नौपाडा, वर्तकनगर, इकडे कोपरखैरणे, घणसोली. डिझाइन शिकलेल्या प्रत्येकाला ही पद्धत माहीत असते. सलग वापरल्यावर ती कुठे उपयोगी पडते आणि कुठे अडते, ते सांगते.

आधी वेळेचं. बरेच लोक बीपी सकाळी, गोळी घेण्याआधी मोजतात, म्हणजे सात-साडेसातला दारात हजर राहावं लागतं. अकरा वाजता गेलं तर काकू आपल्यासाठी मुद्दाम मशीन काढून, नीट बसून दाखवतात. सकाळी दूध गॅसवर असतं, बेल वाजत असते, नातवाच्या शाळेची गडबड असते आणि त्यातच पट्टा बांधला जातो. पाच मिनिटं शांत बसा, पाठ टेका, हात हृदयाच्या पातळीवर ठेवा, हे सगळं माहितीपत्रकात असतं. घरातल्या पाठीच्या खुर्चीवर मात्र इस्त्रीचे कपडे असतात. माणूस दिवाणाच्या कडेला बसतो, हात मांडीवर. हात खाली राहिला की आकडा जास्त दिसतो.

नौपाड्यातल्या एका काकूंकडे पाहिलेलं मला फार महत्त्वाचं वाटतं. त्यांच्या मशीनमध्ये जुने आकडे साठवायची सोय होती, ती त्यांनी कधी वापरली नव्हती. आकडा आला की उठायचं, चष्मा शोधायचा, स्वयंपाकघरात जाऊन कालनिर्णयवर त्या तारखेच्या चौकोनात, दुधाच्या हिशेबाशेजारी लिहायचा. महिना संपला की ते पान डॉक्टरांकडे. पण भिंतीपर्यंत पोचेतो स्क्रीन विझायची, म्हणून त्या आकडा पुटपुटत जायच्या. हे कुणाला सांगावं असं त्यांना वाटलंच नव्हतं. विचारल्यावर उत्तर एवढंच होतं, "छान आहे हो मशीन, काही त्रास नाही." आमच्या नव्या नमुन्यात बटण दाबेपर्यंत आकडा जात नाही. सेल लवकर संपतील अशी हरकत मीटिंगमध्ये आली, तेव्हा त्या सकाळी सोबत आलेल्या इंजिनिअरनेच ती खोडून काढली. एकट्या रिसर्चरने जाऊन अहवाल लिहिण्यापेक्षा इंजिनिअरला सोबत नेणं मला म्हणूनच जास्त मोलाचं वाटतं.

वापरता वापरता मनात येईल ते मोठ्याने बोला, ही रीत क्लेटन लुईस यांनी १९८२ मध्ये आयबीएममध्ये असताना संगणकाच्या वापराच्या चाचण्यांसाठी मांडली. अॅपसाठी ती उत्तम आहे. बीपीला चालत नाही, कारण बोलल्याने आकडाच चढतो, दहाएक पॉइंटनेसुद्धा. मग आम्ही परवानगी घेऊन फक्त हात आणि मशीनचा व्हिडिओ काढतो, गप्प बसतो, आणि नंतर चहा घेताना तोच व्हिडिओ त्यांना दाखवून विचारतो, "इथे थांबलात, काय झालं होतं?" एरवी मध्येच मुलगा किंवा सून उत्तर देऊन टाकते. व्हिडिओ समोर असला की आजी स्वतः बोलतात. पट्टा एका हाताने घट्ट होत नाही, ब्लाउजची बाही वर सरकत नाही म्हणून तो बाहीवरूनच बांधला जातो, हे असंच कळलं.

वापरणाऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहायची, म्हणजे सहानुभूतीची, बाकीची साधनंही वापरली. डेव्ह ग्रे यांच्या एम्पथी मॅपमध्ये, म्हणजे एका माणसाबद्दलच्या नोंदींच्या तक्त्यात, माणूस काय म्हणतो, काय करतो, काय विचार करतो, त्याला काय वाटतं असे भाग असतात. पहिले दोन आम्ही डोळ्यांनी पाहून भरतो. उरलेल्या दोन्हींत आपलीच कल्पना शिरते, म्हणून ते आता वेगळ्या रंगात लिहितो आणि पुढच्या भेटीत पडताळतो. पॅट्रिशिया मूर ही तरुण डिझायनर १९७९ ते १९८२ या काळात अंधुक दिसणारा चष्मा लावून, सांधे बांधून, वृद्ध स्त्रीच्या वेषात अमेरिका-कॅनडात फिरली. तिच्या जिद्दीबद्दल मला मनापासून आदर आहे. तसा चष्मा आम्हीही टीमला लावून पाहिला. स्क्रीनवरचे राखाडी आकडे दिसत नाहीत हे लगेच पटलं. पण कालनिर्णयची गोष्ट कुठल्याही चष्म्यातून दिसली नसती.

खटकणारी बाजूही आहे. शेवटी पाहिलेलं घर डोक्यात इतकं बसतं की टीम प्रत्येक निर्णय त्याच काकूंसाठी घ्यायला लागते. चाचणीला पाच जण पुरतात हा वापरसुलभतेचे तज्ज्ञ जेकब नील्सन यांचा नियम वापरण्यातल्या अडचणी शोधण्यापुरता आहे, तोही एकसारख्या लोकांच्या एका गटासाठी. नौपाड्यात एकट्या राहणाऱ्या काकू आणि घणसोलीत रात्रपाळी करून सकाळी परतणारा चाळिशीतला माणूस हे दोन वेगळे गट आहेत. त्याची सकाळ आपल्या संध्याकाळी असते, तेव्हा वेळही वेगळी धरावी लागते.

मोबदल्याचं पाकीट बऱ्याच घरांतून परत येतं. त्याऐवजी सेलचा पुडा आणि मोठ्या चौकोनांची नोंदवही दिली तर आनंदाने घेतात. कुणी हे सुरू करणार असेल तर पहिल्या भेटीला स्वतःचा नमुना नेऊ नका. तो पिशवीतून निघाला की सगळं बोलणं त्याच्याबद्दलच होतं आणि त्यांचं रोजचं मशीन कपाटातच राहतं.