सावली मोजायची की तिला जागा ठेवायची?

वेबपानावरच्या एकाच एलिमेंटचा, म्हणजे बटण किंवा कार्ड अशा एका भागाचा, स्क्रीनशॉट घेतला आणि सावली कडेला कात्रीने कापल्यासारखी दिसली, असं झालं असेल तर कारण तुम्हाला माहीत असणारच. ब्राउझरच्या लेखी बॉक्स-शॅडो, म्हणजे सीएसएसने चौकटीला दिलेली सावली, नुसतं रंगकाम, लेआउटमध्ये तिला जागा नाही. एलिमेंटची चौकट (रेक्ट) सांगणारं जावास्क्रिप्टचं गेट-बाउंडिंग-क्लायंट-रेक्ट बॉर्डरपाशी थांबतं, रुंदी सांगणारं ऑफसेट-विड्थही तिथेच. प्लेराइट, पपेटिअर ही ब्राउझर कोडने चालवणारी साधनं एकट्या एलिमेंटचं चित्र घेतात तेव्हा हीच चौकट धरतात.

सावलीसकट माप हवं असेल तर माझ्या माहितीत कामाच्या दोन वाटा आहेत. एक, कम्प्युटेड स्टाइलमधून (ब्राउझरने शेवटी लावलेल्या किमतींमधून) बॉक्स-शॅडो वाचायची आणि गणित करायचं. दुसरी, कार्डाभोवती पॅडिंगवालं (आतून मोकळी जागा सोडलेलं) रॅपर, म्हणजे आणखी एक बाहेरची चौकट, घालायचं आणि कार्ड सोडून रॅपरच मोजायचं. दोन्ही मी खऱ्या कामात वापरल्या आहेत.

गणित दिसतं तितकं अवघड नाही. ब्लर (सावलीचा धूसरपणा) आणि स्प्रेड (तिचा फुगवटा) यांची बेरीज घ्या. उजवीकडे त्यात आडवा ऑफसेट (सावली किती सरकवली आहे तो आकडा) मिळवा, डावीकडे वजा करा. खाली उभा ऑफसेट मिळवा, वर वजा करा. उत्तर शून्याखाली गेलं तर शून्य. सावल्या अनेक असतील तर प्रत्येक बाजूला सगळ्यांत मोठा आकडा घ्यायचा, इनसेट, म्हणजे आतल्या बाजूला पडणारी, वगळायची. स्ट्रिंग कॉमावर तोडायला गेलात तर आरजीबीएच्या (रंगाच्या किमतीच्या) कंसातले कॉमाही तुटतात, पण ते एकदा सांभाळलं की झालं. कार्डावर स्केल लावलेलं असेल तर रेक्ट स्केल झालेला मिळतो आणि सावलीचे आकडे मूळचेच राहतात, म्हणून ते गुणून घ्यावे लागतात. एवढं करून पानाच्या मार्कअपला हात लागत नाही, ही या वाटेची मोठी जमेची बाजू. पान दुसऱ्याचं असेल तर मी आजही हीच धरतो.

मग अडलं कुठे? उत्तर बरोबर येतं आणि चित्र वाईट दिसतं, इथे. टेलविंड या सीएसएस फ्रेमवर्कमधली तयार सावली शॅडो-टूएक्सएल घ्या: उभा ऑफसेट २५, ब्लर ५०, स्प्रेड उणे १२. गणिताने वर १३ पिक्सेल, खाली ६३, दोन्ही बाजूंना ३८. हिशेबात चूक नाही. पण त्या चौकटीत कापलेलं चित्र पांढऱ्या पानावर ठेवलं की कार्ड वर सरकल्यासारखं दिसतं, कारण खालच्या ६३ पिक्सेलांतला शेवटचा भाग इतका फिका असतो की डोळा त्याला मोकळी जागाच समजतो. डिझायनर विचारतो, "कार्ड मधोमध का नाही?" आणि तुम्ही त्याला गॉसियन ब्लर, म्हणजे सावली कडेकडे हळूहळू कशी विरते ते, समजावत बसता. त्यात प्रत्येक कार्डाची सावली वेगळी असेल तर प्रत्येक चित्राचा समास वेगळा, आणि ती एका ओळीत लावली की सगळी ओळ वरखाली. चारही बाजूंना मोठ्यात मोठा आकडा देऊन हे मिटवता येतं, नाही असं नाही. पण मग एवढं पार्सिंग केलं कशासाठी?

रॅपरला चारही बाजूंनी ६४ पिक्सेल पॅडिंग दिलं की ही सावली आत मावते आणि कार्ड मधोमध राहतं. दुसरा फायदा मला नंतर कळला: सावली कशाने पडली आहे याच्याशी रॅपरला देणंघेणं नसतं. सीएसएसच्या फिल्टरमधल्या ड्रॉप-शॅडोने पडली असेल तर बॉक्स-शॅडो वाचणाऱ्या कोडला 'नन' एवढंच उत्तर मिळतं. शिवाय तिथला ब्लरचा आकडा म्हणजे थेट स्टँडर्ड डेव्हिएशन (धूसरपणा किती पसरतो त्याचं माप), बॉक्स-शॅडोत मात्र त्याच्या निम्मं. त्यामुळे तोच आकडा फिल्टरमध्ये बराच दूरवर पसरतो आणि वरचं सूत्र तिथे तसंच्या तसं चालत नाही. बॉर्डरबाहेरची आउटलाइन असो की आफ्टर या स्यूडो-एलिमेंटने (सीएसएसनेच जोडलेल्या भागाने) काढलेली सावली, सगळं पॅडिंगमध्ये सामावतं, फक्त पॅडिंग पुरेसं हवं.

रॅपर फुकट मिळत नाही, हेही खरं. मार्कअपमध्ये एक डिव्ह (चौकट) वाढतो, थेट आतल्या एलिमेंटांवर लिहिलेले सीएसएसचे सिलेक्टर मोडतात, ग्रिडमधली अंतरं बिघडतात; त्यावर तेवढंच उणे मार्जिन द्यावं लागतं. आणि ते दिलं की रॅपरचा पारदर्शक भाग शेजारच्या बटणावर येऊन क्लिक खाऊ लागतो. रॅपरला पॉइंटर-इव्हेंट्स (क्लिक घ्यायची की नाही ते ठरवणारा गुणधर्म) नन आणि आतल्या कार्डाला ऑटो, एवढ्याने ते सुटतं. मी तर रॅपर फक्त चाचणीच्या पानांवर घालतो, खऱ्या साइटवर नाही, म्हणून हा त्रास मला फारसा होत नाही. तुमचं काम चालत्या पानावरच असेल तर रॅपरचं पारडं थोडं हलकं धरा.

टूलटिप खिडकीच्या कडेला चिकटू नये, एवढीच गरज असेल तर मात्र या दोन्ही भानगडींत पडू नका. कडेपासून ८ पिक्सेल सोडा आणि सावली थोडी कापली गेली तर जाऊ द्या.