गुरगुरणाऱ्या भडंगचे नऊ महिने: कुत्र्यासाठी वर्तन-सल्ला घेतल्यानंतरचा अनुभव

आधी हिशेब. फेब्रुवारीत आमच्या कुत्र्यानं माझा हात फोडला. तेव्हापासून आजपर्यंत जनावरांच्या डॉक्टरांकडे सहा फेऱ्या, पुण्याच्या एका वर्तन-सल्लागार बाईंबरोबर व्हिडिओवर सात बैठका, एक्स-रे, दोनदा रक्ततपासणी, रोजच्या गोळ्या आणि एक जाळीचं मुसकं. सगळं मिळून एक बऱ्यापैकी फ्रीज आला असता. ‘कुत्र्यावर एवढा खर्च?’ हे सांगलीच्या विश्रामबागेतल्या आमच्या गल्लीत मला इतक्यांदा ऐकवलं गेलंय, की एकदाच सविस्तर लिहून टाकतो. पैसे वसूल झाले का? झाले. पण सहा-सात महिने आधी गेलो असतो तर निम्म्यात भागलं असतं आणि तळहातावरची ही खूणही राहिली नसती.

भडंग पाच वर्षांचा. आई लॅब्राडोर, बाप शंभरफुटी रस्त्यावरचा कुणीतरी. पिल्लू असताना पांढऱ्या अंगावर तांबूस ठिपके होते, म्हणून मुलीनं हे नाव ठेवलं. सत्तावीस किलोचं धूड, पण चार वर्षं कुणाच्या वाटेला गेला नाही.

गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात तो सोफ्यावर झोपलेला असताना कुणी शेजारी टेकलं की गुरगुरायला लागला. आम्ही सोफा सोडून खुर्च्यांवर बसायला लागलो. मग आई काठी टेकत जवळून गेली की गुरगुर. आई मागच्या दारानं फिरून स्वयंपाकघरात जायला लागली, बहात्तराव्या वर्षी, ओल्या फरशीवरून. दूधवाले फाटकालाच पिशवी अडकवायला लागले. बायकोनं भिशीची पाळी आपल्या घरी घेणं बंद केलं. मुलीच्या मैत्रिणी यायच्या थांबल्या. यातलं एकेक बदलत गेलं तेव्हा ‘कुत्र्याला काहीतरी होतंय’ असं एकानंही म्हटलं नाही. ‘त्याला आवडत नाही ते,’ एवढंच म्हणायचो, घरातल्या तिरसट मामांबद्दल म्हणतात तसं.

पुढे बाईंनी पहिल्याच बैठकीत विचारलं, “त्याच्यासाठी घरात काय काय बदललंत?” मी सांगायला लागलो, मध्येच बायकोनं भर घातली, मागून आई बोलली. वीस मिनिटं गेली. एवढी मोठी यादी आपल्याच तोंडून ऐकल्यावर माझं मलाच कळलं, की मदत घ्यायची वेळ आई मागच्या दारानं जायला लागली त्या आठवड्यात होती. चावायची वाट बघायचं काहीच कारण नव्हतं.

पण आम्ही आधी वेगळंच केलं. शेजारच्यांच्या ओळखीनं एक प्रशिक्षक बोलावले. नाव सांगत नाही, माणूस मनानं वाईट नव्हता. त्यांचं म्हणणं, कुत्रा घराचा मालक व्हायला बघतोय, त्याला त्याची जागा दाखवा. गळ्यात आवळणारी साखळी, गुरगुरला की हिसका, नाही ऐकलं तर उताणा पाडून दाबून धरायचा. दोन आठवड्यांत गुरगुरणं बंद! आम्ही खूश. त्यांना फी दिली, वर पेढे दिले. पेढ्यांचं आता हसू येतं.

तिसऱ्या आठवड्यात मी त्याच्या अंगावरची चादर सरळ करायला गेलो आणि त्यानं सरळ हातच धरला. ना गुरगुर, ना दात दाखवणं, काही नाही.

हे असं का झालं ते मला बाईंच्या कागदांपेक्षा कृष्णेवरच्या आपल्या आयर्विन पुलावरून जास्त समजलं. पुलाच्या खांबांवरची पट्टी आपण पावसाळ्यात रोज बघतो. 40 फूट म्हणजे इशारा, 45 म्हणजे धोका. कुत्र्याचं गुरगुरणं म्हणजे 40 फूट. त्याच्याही आधीच्या खुणा असतात: मान वळवणं, भूक नसताना ओठ चाटणं, अंग ताठ करून थिजणं, डोळ्यांच्या कडेचा पांढरा भाग दिसणं. त्या आम्हाला वाचताच येत नव्हत्या. प्रशिक्षकांनी पाणी उतरवलं नाही, पट्टीवरचे आकडे पुसले. पाणी होतं तिथंच होतं, वाढतच होतं. आणखी एक गोष्ट सांगलीकराला समजावून सांगावी लागत नाही. गावात उघडीप असते, पण वर कोयनेतून पाणी सोडलेलं असतं आणि इथली पातळी नंतर चढते. भडंगचंही तसंच. सकाळी घंटागाडीचा भोंगा, दुपारी कुरिअरवाला, संध्याकाळी मांजर, आणि रात्री चादरीला हात लावणारा मी. मला वाटत होतं, चादरीसाठी चावला.

चावल्यावर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुतली, हे एक बरोबर केलं. भडंगला लस दिलेली असूनही मी सरकारी दवाखान्यात इंजेक्शनं घेतली: 0, 3, 7 आणि 28 व्या दिवशी. ‘घरचाच कुत्रा आहे’ म्हणून ही टाळणारे लोक आहेत. त्यांना हात जोडून सांगतो, रेबीज एकदा उमटला की त्यावर उपाय नाही, तेव्हा टाळू नका.

आता खरा धक्का. मी जनावरांच्या डॉक्टरांकडे गेलो ते ‘कायमचं झोपवायचं इंजेक्शन द्यावं लागेल का’ हे विचारायला. घशाशी आवंढा होता. डॉक्टरांनी त्याला पाच मिनिटं नुसतं चालवलं, बसवलं, उठवलं. मग विचारलं, “उठताना मागचे पाय आधी उचलतो की पुढचे? जिना चढतो का अजून?” आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो. वरच्या मजल्यावर तो जातच नव्हता. आम्हाला वाटायचं, आळशी झालाय. एक्स-रेत दोन्ही खुब्यांचे सांधे बिघडलेले दिसले. लॅब्राडोरच्या रक्तात हे बरंच असतं म्हणे. सोफ्यावर कुणी बसलं की गादी दबायची आणि त्याचा खुबा हलायचा, इतकं ते साधं होतं. ज्या कुत्र्याचे खुबे दुखतायत त्याला आम्ही पैसे मोजून उताणा पाडून घेतलं होतं.

म्हणून हा अनुभव वाचून कुणी एकच गोष्ट करणार असेल तर ही करा. मोठ्या वयाच्या जनावराचा स्वभाव अचानक बदलला तर प्रशिक्षकाच्या आधी डॉक्टर. सांधे, दात, कान, थायरॉइड, नजर, काहीही असू शकतं. मांजरांचंही तेच. मिरजेला माझ्या बहिणीचा बोका मातीचा ट्रे सोडून कोपऱ्यात मुतायला बसायचा, घरचे ‘रुसलाय’ म्हणत होते. लघवीची वाट खड्याने तुंबत आली होती. बोका जोर करतोय आणि थेंब येत नाही, असं दिसलं तर सकाळपर्यंतसुद्धा थांबू नका, जीव जातो. आणि दुखतंय म्हणून आपल्या डब्यातली आयबुप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल देऊ नका. कुत्र्याला आयबुप्रोफेन आणि मांजराला पॅरासिटामॉल म्हणजे विषच.

महिनाभर दुखण्याचं औषध, सोफ्याऐवजी जाड सतरंजीचं अंथरूण, वजन तीन किलो कमी. निम्मं गुरगुरणं तिथंच गेलं. उरलेलं निम्मं म्हणजे भीती. अंगाला हात लागला की दुखतं हे तो शिकून बसला होता, आणि त्यावर साखळीचे हिसके. त्यासाठी डॉक्टरांनीच वर्तन-सल्लागारांचं नाव सुचवलं. इथं एक पारखून घ्या. आपल्याकडे ‘बिहेवियरिस्ट’ अशी पाटी कुणीही लावू शकतो, त्याला परवाना लागत नाही. औषध मात्र नोंदणी असलेले पशुवैद्यकच लिहून देऊ शकतात. आमच्या बाई स्वतः औषध सांगत नाहीत, डॉक्टरांशी बोलतात, आणि ‘इतक्या दिवसांत बरा करते’ असं एकदाही म्हणाल्या नाहीत. त्यामुळेच माझा विश्वास बसला.

गोळी फ्लुओक्सेटिनची, माणसांना नैराश्यावर देतात तीच. मेडिकलवाल्यानं चिठ्ठीवर ‘भडंग’ नाव वाचून दोनदा माझ्याकडे बघितलं. रक्त तपासून, दुखण्याच्या औषधाबरोबर चालेल ना हे पाहून डॉक्टरांनी सुरू केली. पहिले दहा दिवस वाईट गेले. भाकरीकडे बघेना, सुस्त पडून. बायको म्हणाली, “अहो, बंद करा ते, आपला कुत्रा राहिला नाही तो.” डॉक्टरांना फोन केला, त्यांनी धीर धरायला सांगितलं आणि मनानं एकदम बंद करायची नाही अशी ताकीद दिली. परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात हे आधी सांगितलेलं होतं, तरी चौथ्या आठवड्यापर्यंत मला वाटत होतं की फसलो. पाचव्यात घंटागाडी गेली आणि तो एकदा भुंकून परत झोपला. आधी अर्धा तास दाराशी येरझाऱ्या घालायचा. गोळीनं शिकवलं काहीच नाही, शिकण्याएवढा तो शांत झाला.

शिकवणं आमच्याकडे. आई काठी घेऊन खोलीच्या पार त्या टोकाला दिसली की उकडलेल्या चिकनचा तुकडा. रोज दोन मिनिटं, रोज वीतभर जवळ. आईला हे खूळ वाटायचं. “मला बघून त्याला मटण, आणि मला वरणभात,” असं शेजारणींना सांगायची. मुसकंही असंच. बैलाला बांधतात ते आठवून मला आधी कसंतरी झालं, पण हे जाळीचं, त्यातून तो धापा टाकू शकतो, पाणी पितो. आत दही लावून तीन आठवडे नुसतं चाटायला दिलं, बांधलं नाही. आता मुसकं समोर धरलं की स्वतःहून तोंड घालतो.

खरी परीक्षा गणपतीत. चोर गणपती (चतुर्थीच्या आधीच गुपचूप बसवतात तो) बसल्यापासूनच आमच्याकडे ढोल सुरू होतात आणि पाचव्या दिवशी संस्थानच्या गणपतीच्या विसर्जनाला गाव लोटतं. पूर्वी दिवाळीत आम्ही एक गुंगीची गोळी द्यायचो, तो गप पडायचा. आता कळलं की त्या जातीच्या गोळीनं अंग लुळं पडतं, भीती आत तशीच राहते. या वेळी डॉक्टरांनी वेगळी गोळी दिली आणि ती गणपतीच्या आठवडाभर आधी, शांत दिवशी एकदा देऊन बघायला लावली. आतल्या खोलीत पंखा फुल, खिडकीला रजई. थरथरला, पण घास खाल्ला. गेल्या वर्षी तो दिवसभर न्हाणीघरात कोंबून बसला होता.

तक्रारीही आहेत. बाईंचे सगळे कागद इंग्रजीत. बायकोनं मराठीत उतरवून फ्रीजवर लावले तेव्हा आई सामील झाली. व्हिडिओवर बाईंना कुत्रा अर्धाच दिसतो, नेटवर्क गेलं की तेही नाही. मोबाइल धरायला एक माणूस, कुत्र्याला एक, म्हणजे दोघांची सुट्टी. मार्केट यार्डात हळदीचा हंगाम चालू असताना अडत दुकानातून दुपारी निघणं म्हणजे मालकाची बोलणी. एक बैठक ऐनवेळी रद्द झाली, पुढची तारीख सतरा दिवसांनी मिळाली. आणि गृहपाठ करणार नसाल तर हा खर्च करूच नका, नुसत्या गोळीचा उपयोग नाही.

साखळी ओढणारं, चपला चावणारं पिल्लू असेल तर एवढ्या लांब जायची गरज नाही. खाऊ देऊन शिकवणारा साधा प्रशिक्षक पुरे. घरात रांगतं मूल किंवा म्हातारं माणूस असेल आणि कुत्रा त्यांच्यावर ताठरत असेल, तर मात्र दुसऱ्या दिवशीच फोन करा.

भडंग आज कसा आहे? बरा, पण पूर्वीचा नाही. पळणाऱ्या लहान मुलांत त्याला सोडत नाही, सोडणारही नाही. पाहुणे आले की मुसकं किंवा आतली खोली. आई पुढच्या दारानं जाते. भिशी ऑगस्टपासून पुन्हा आमच्याकडे. गुरगुरणं परत आलंय: परवा मी झोपेत त्याच्या अंथरुणाला पाय लावला, तो खालच्या पट्टीत गुरगुरला, मी पाय काढला, तो झोपला. आई आतून म्हणाली, “बोलला का?” म्हटलं, बोलला.

पुढची रक्ततपासणी डिसेंबरात. गोळी हळूहळू कमी करायचं डॉक्टरांनी संक्रांतीनंतरवर ढकललंय, कारण थंडीत खुबे आखडतात आणि एका वेळी दोन गोष्टी बदलायच्या नाहीत. पाचपैकी चार देतो. एक कापला तो इंग्रजी कागदांचा.