घडीचा चाकू: स्वस्त नक्कल, अस्सल की साधी सुरी?

चोरल किंवा पातालपाणीच्या सहलीत पेरू-काकडी चिरायला आणि दोरी कापायला घडीचा चाकू हवा, म्हणून इंदूरच्या बाजारात किंवा ऑनलाइन शोधू लागलो की नामांकित चाकवांच्या हुबेहूब नकला अगदी थोड्या पैशांत समोर येतात. दिसण्यात फरक जवळजवळ नसतो. फरक असतो तो लॉकमध्ये, म्हणजे उघडे पाते अडवून धरणाऱ्या खटक्यात, आणि पोलादाला दिलेल्या पाण्यात, म्हणजे ते तापवून-थंड करून आणलेल्या कठीणपणात, आणि नेमक्या याच दोन गोष्टी छायाचित्रात दिसत नाहीत.

लाइनर लॉकमध्ये मुठीच्या आतली पातळ पट्टी सरकून पात्याच्या टाचेमागे, म्हणजे मुठीकडच्या टोकामागे, अडकते आणि पाते मिटू देत नाही. हा सांधा अचूक घासलेला नसेल तर पट्टी टाचेच्या जेमतेम कडेवर टेकते आणि जोर पडताच निसटते, तेव्हा पात्याच्या वाटेत आपलीच बोटे असतात. त्यात पोलाद मऊ असले की धार लवकर वळते, बोथट पात्यावर माणूस अधिक जोर लावतो, आणि तो सगळा भार त्याच कच्च्या लॉकवर येतो. पात्यावर ‘४४०’ हे पोलादाच्या प्रकाराचे नाव कोरलेले असले तरी त्यावरून पाणी कसे दिले आहे हे मुळीच कळत नाही.

अस्सलमध्ये ओपिनेल या फ्रेंच कंपनीचा क्रमांक ८ मला सर्वांत सरळ वाटतो. पाते साडेआठ सेंटिमीटरचे, आणि १९५५ पासून चालत आलेले फिरते कडे पात्याला अडवते, ते नीट बसले की नाही हे डोळ्यांना दिसते. मात्र पावसाळ्यात लाकडी मूठ फुगून पाते उघडायला जड जाते, आणि कार्बन पोलादाचे पाते लिंबू-कैरीने काळवंडते, म्हणून आपल्याकडे स्टेनलेसचेच घ्यावे. व्हिक्टोरिनॉक्स या स्विस कंपनीच्या स्पार्टनसारख्या लहान चाकवात पाते फक्त स्प्रिंगच्या ताणावर उभे राहते, लॉक नसतो. फळांना तो उत्तम, पण टोक खुपसायच्या कामाला नाही.

कमी किमतीचा प्रत्येक चाकू वाईट असतो असे नाही. स्वतःच्या नावाने माल विकणारा उत्पादक तक्रारीला जबाबदार असतो. दुसऱ्याचे नाव कोरणाऱ्याला शोधायचे कुठे?

दुकानात पाते उघडून डावी-उजवीकडे हलवून पाहावे आणि बोटे वाटेबाहेर ठेवून पात्याच्या पाठीवर हलका दाब द्यावा. पाते डुगडुगले किंवा पट्टी सरकली तर तो चाकू परत ठेवावा. अस्सल परवडत नसेल तर म्यान असलेली, न मिटणारी छोटी स्वयंपाकाची सुरी घ्यावी. मुलांच्या हाती द्यायचे असेल तर मी नकलेऐवजी तीच देईन.