एकाच रात्रीपुरता जीन केली: 'ब्रिगाडून' की 'इट्स ऑल्वेज फेअर वेदर'?

नाचणारा नट जीन केली, नर्तकी सिड चॅरिस, हॉलिवूडच्या एमजीएमचा स्टुडिओ, सिनेमास्कोपचा लांबलचक पडदा. दोन्ही संगीतपटांत सामान तेच, अंतरही एका वर्षाचंच: 'ब्रिगाडून' १९५४चा, 'फेअर वेदर' १९५५चा. यातला एकच बघायचा तर कोणता, हा प्रश्न मला दोनदा पडला आणि दोन्ही वेळा मी 'ब्रिगाडून' लावला. लर्नर-लोव या गीतकार-संगीतकार जोडीची गाणी, व्हिन्सेंट मिनेलीचं दिग्दर्शन, आणखी काय हवं?

आभाळ हवं होतं.

शंभर वर्षांतून एकच दिवस जागं होणारं स्कॉटलंडमधलं गाव आणि वाट चुकून तिथे पोचलेले दोन अमेरिकन. चित्रीकरण स्कॉटलंडमध्येच करायचं आधी घाटत होतं. हवामान आणि खर्च बघून सगळं कॅलिफोर्नियात, बंद फ्लोअरवर उरकलं. म्हणून डोंगर, ढग, संध्याकाळ, सगळं रंगवलेलं. रंगवलेल्या पडद्याचं आपल्याला खरं तर वावडं नाही. संगीत नाटकात मागे कापडाचा राजवाडा हलत असतो आणि आपण खुशाल 'वन्स मोअर' देतो. पण तिथे पडदा मुकाट मागे राहतो. इथे तो अंगावर येतो. लॅपटॉपवर पाहिला तेव्हा एवढं खटकलं नव्हतं. मित्राकडे प्रोजेक्टर लावून भिंतभर पाहिला, आणि 'ऑलमोस्ट लाइक बीइंग इन लव्ह'ला केली माळावर उड्या मारायला लागला तशी मला एकच धास्ती: आता हा आभाळाला धडकणार. असलं काही एकदा डोक्यात शिरलं की निघत नाही. आणि कथेची सगळी भिस्त तर 'या गावातून पाय निघत नाही' यावर! माझा तिथे पाय गुंतलाच नाही. उलट शेवटाकडे न्यूयॉर्कच्या बारमधला कलकलाट आला तेव्हा सिनेमा जिवंत झाल्यासारखा वाटला, आणि नायकाला नेमकं तिथूनच पळायचं असतं.

'फेअर वेदर'ही बराचसा स्टुडिओतलाच, हे कबूल. पण खोट्या डोंगरापेक्षा खोटा रस्ता पचतो, निदान मला. तीन सैनिक १९४५मध्ये दहा वर्षांनी भेटायचं ठरवतात, भेटतात, आणि कळतं की आपलं आता एकमेकांशी मुळीच जमत नाही. हॉटेलात समोरासमोर बसून मनातली चिडचिड 'ब्लू डॅन्यूब' या प्रसिद्ध वॉल्ट्झच्या चालीवर गातात! शाळेच्या गेट-टुगेदरला जाऊन आलेल्यांना वेगळं सांगायला नको. केली, डॅन डेली आणि मायकेल किड पायात कचऱ्याच्या डब्यांची झाकणं अडकवून नाचतात. पुढे केली रोलर स्केट्सवर टॅप डान्स करतो. शेवटची टीव्ही स्टुडिओतली धुमश्चक्री जरा लांबते.

उणं आहे, आणि ते लहान नाही: यात केली आणि चॅरिस एकत्र नाचतच नाहीत. त्यांचा एक नाच होता, तो कापला गेला. चॅरिस मुष्टियोद्ध्यांच्या घोळक्यात झकास नाचून जाते, पण केलीशिवाय. जोडीच बघायची असेल तर 'ब्रिगाडून'मधल्या 'द हेदर ऑन द हिल'ला तोड नाही. तेवढी पाच-सहा मिनिटं मागचं आभाळ मीही विसरतो.

मिनेलीच्या रंगांवर जीव असणाऱ्यांना हे सगळं आगाऊपणाचं वाटेल, वाटू दे. परवा बहिणीने विचारलं तेव्हा तिला मी 'फेअर वेदर' लावून दिला आणि तो संपल्यावर 'ब्रिगाडून'मधला तेवढा नाच दाखवला.